खरा ख्रिस्ती खाकी घालू शकत नाही, हे कुठे लिहिलंय?

शेजारचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे बायणाच्या किनाऱ्यावर धावतो, संध्याकाळी गणिताचं पुस्तक घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसतो. गेल्या आठवड्यात दोन दिवस तो धावायला गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई फोन घेऊन आली आणि स्क्रीन माझ्यासमोर धरून म्हणाली, "बाय, हें खरें गो?"

वास्कोतल्या ग्रुपांवर सध्या फिरणारा मजकूर होता तो. खरा ख्रिस्ती पोलिसात किंवा सैन्यात जाऊच शकत नाही, असा त्याचा दावा. कारणं अशी: दहा आज्ञांत हत्येला बंदी आहे, येशूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलं, पहिली तीनशे वर्षं एकही ख्रिस्ती सैनिक नव्हता, आणि म्हणूनच गोव्यातले ख्रिस्ती वर्दीत दिसत नाहीत. शेवटी सैन्यातून काढलेल्या एका ख्रिस्ती अधिकाऱ्याचा दाखला. हा मजकूर काही जण श्रद्धेने पाठवतात. काही जण ख्रिस्ती माणूस देशासाठी उभा राहणार नाही हे ठसवायला पाठवतात. मला दोघांनाही उत्तर द्यायचं आहे, कारण माझे वडील नौदलात होते. आम्ही मूळचे नगरकडचे. त्यांची शेवटची नेमणूक दाबोळीला हंसा तळावर झाली आणि आम्ही इथलेच झालो.

आधी आज्ञा. निर्गमच्या विसाव्या अध्यायात आपल्या मराठी बायबलात "खून करू नको" असं आहे. "मारू नको" असं नाही. मूळ हिब्रू क्रियापद "रत्साह" हे आहे, आणि युद्धातल्या मारण्यासाठी तिथे सहसा दुसरी क्रियापदं येतात. खून, हत्या, वध यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. याचा अर्थ वर्दीतल्या माणसाला वाटेल ते माफ आहे असा मुळीच नाही. कोठडीत मारहाण करून कुणाचा जीव घेतला तर तो खूनच, मग खांद्यावर कितीही पट्ट्या असोत. पण ज्या आज्ञेने खुनाला बंदी केली, तीच खुन्याला पकडणाऱ्यालाही अडवते असं म्हणणं म्हणजे आज्ञा उलटी वाचणं.

दुसऱ्या गालाचं वचन मला फार प्रिय आहे, म्हणून त्याचा असा वापर झाला की वाईट वाटतं. येशू "माझ्या" गालाबद्दल बोलतो. माझ्या डोळ्यांदेखत कुणी शेजारणीच्या तोंडात मारली, तर तिचा दुसरा गाल पुढे करण्याचा अधिकार मला कुणी दिला? चौथ्या-पाचव्या शतकातले ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांनी हाच फरक धरला होता: स्वतःच्या जिवासाठी दुसऱ्याला मारणं त्यांना पटत नव्हतं, पण इतरांच्या रक्षणासाठी नेमलेला सैनिक किंवा अधिकारी त्यांनी वेगळा मानला. आणि महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा खुद्द येशूने काय केलं? योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याने जाब विचारला: मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस?

पहिल्या तीनशे वर्षांच्या दाव्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. तर्तुलियन आणि ओरिगेन या त्या काळच्या ख्रिस्ती लेखकांनी ख्रिस्ती माणसाच्या सैनिकीला विरोध केला. इ. स. 295 मध्ये आजच्या अल्जीरियातल्या तेबेस्सा इथे मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने भरती व्हायला नकार दिला आणि त्याचं मुंडकं उडवलं गेलं. त्याच्या धैर्यापुढे मी मान झुकवते. पण त्याच खटल्यात रोमन अधिकारी त्याला सांगतो की सम्राटांच्या खास पथकांत ख्रिस्ती सैनिक आहेत, ते नोकरी करतातच ना. मॅक्सिमिलियन ते खोटं ठरवत नाही. आपल्यासाठी काय योग्य ते त्यांना ठाऊक, एवढंच म्हणतो. तर्तुलियनही आपल्या बचावाच्या ग्रंथात अभिमानाने लिहितो की आम्ही तुमच्या लष्करी छावण्यांतसुद्धा भरलो आहोत. म्हणजे "एकही नव्हता" हे धादांत खोटं. आमच्या पणजीतल्या फोंतेइन्यश भागात ज्याच्या नावाचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, आहे तो संत सेबास्तियनसुद्धा परंपरेने रोमन सैनिकच.

शिवाय त्या काळच्या विरोधाचं मोठं कारण रक्त एवढंच नव्हतं. सैन्यात सम्राटाला आणि देवतांना यज्ञ वाहावे लागत. मजकुरातल्या त्या अधिकाऱ्याचा दाखला इथेच येतो. आपल्या तुकडीच्या धार्मिक विधीत गाभाऱ्यात जायला एका ख्रिस्ती लेफ्टनंटने नकार दिला आणि त्याला 2021 मध्ये सेवेतून काढलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये ती कारवाई कायम ठेवली. निकालावर मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण त्या माणसाला शस्त्र धरण्याची हरकत नव्हती. त्याला सैन्यात राहायचं होतं, त्यासाठीच तो कोर्टात लढला. त्याचं नाव घेऊन "ख्रिस्ती माणूस सैन्यात जात नाही" म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पण शस्त्र नाकारणारा खरा ख्रिस्ती नाही, असंही मी म्हणत नाही. मेनोनाइट आणि क्वेकर ही ख्रिस्ती मंडळीच आहेत आणि त्यांची परंपरा शस्त्र न धरण्याची आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत: परिच्छेद 2310 सैनिकाला लोकांच्या सुरक्षिततेचा आणि स्वातंत्र्याचा सेवक म्हणतो, आणि 2311 सांगतो की सदसद्विवेकामुळे शस्त्र नाकारणाऱ्याची सरकारने सोय करावी. हिटलरच्या सैन्यात लढायला नकार देऊन 1943 मध्ये मरण पत्करणाऱ्या फ्रान्झ येगरश्टेटरला चर्चने 2007 मध्ये धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं.

"गोव्यातले ख्रिस्ती दिसत नाहीत" याला उत्तर द्यायलाही जड जातं. इथल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जा आणि छातीवरच्या नावपट्ट्या वाचा. गोव्याचं मूळ असलेले सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज 1990 ते 1993 लष्करप्रमुख होते. ज्युलिओ रिबेरो मुंबईचे आयुक्त झाले, मग 1986 मध्ये पेटलेल्या पंजाबात गेले आणि त्यांच्यावर जीवघेणे हल्ले झाले. गोव्याबाहेरचं एकच नाव घेते: 1971 च्या युद्धात गंगासागरला पडलेला परमवीरचक्र विजेता लान्स नायक अल्बर्ट एक्का, झारखंडचा आदिवासी ख्रिस्ती. आणि 1961 पर्यंत इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, हे विसरून इथल्या घराघरांत फौजी परंपरा का नाही म्हणून विचारू नये. इथली माणसं तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, झाली, आखातात गेली. पोटासाठी गेली, धर्माज्ञा म्हणून नाही.

एवढं सगळं सांगण्यापेक्षा मी त्या मायलेकांना वडिलांचं बायबल उघडून दाखवलं. लूकच्या शुभवर्तमानातल्या तिसऱ्या अध्यायाच्या पानाची कड हाताच्या घामाने काळवंडली आहे आणि चौदाव्या वचनाखाली त्यांनी ओढलेली पेन्सिलची रेघ आहे. सैनिक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन विचारतात, आम्ही काय करावं? नोकरी सोडा, असं तो म्हणत नाही. कुणाकडून जबरदस्तीने पैसे उकळू नका, कुणावर खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असं सांगतो. चर्चमधल्या प्रत्येक मिस्सात, म्हणजे उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी "तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी योग्यता नाही" म्हणतात, तेही मूळचे कफर्णहूमच्या शताधिपतीचे, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याचे शब्द. त्याच्याइतका विश्वास इस्राएलातही सापडला नाही, असं येशू म्हणाला.

योहानाची ती तीन वाक्यं नोकरी सोडण्यापेक्षा अवघड आहेत. मला एकदा रात्री रस्त्यात अडवून पावतीशिवाय पैसे मागितले होते. मागणाऱ्याच्या गळ्यात क्रूस होता. तो फॉरवर्ड वाचताना मला तोच माणूस आठवत होता, कारण ख्रिस्ती पोलिसाचा खरा प्रश्न तिथे उभा राहतो आणि फॉरवर्डमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही.

मुलाच्या मात्र ते लगेच लक्षात आलं. पेन्सिलच्या रेघेवर बोट ठेवून त्याने विचारलं, "आणि साहेबांनीच खोटी जबानी लिही म्हटलं तर?"

नाही म्हणायचं, मी म्हटलं. बहुतेक बदली होईल, बढती अडकेल, हेही सांगितलं. त्याची आई माझ्याकडे बघत राहिली. बायबल मी त्याच्याकडेच ठेवायला दिलंय, वाचून झालं की आणून दे म्हणून.