प्रबंधातला 'ताण' कसा सांभाळावा

केळीवरील उष्णतेचा ताण हा विषय घेऊन पीएच.डी.ला बसलेल्या होतकरू मित्रांनो, ताण म्हणजे काय हे प्रबंधात कुठेही लिहू नका. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की पाने करपतात, घड सटकतात, वाढ खुंटते. यांपैकी ताण नेमका कोणता हे ठरवून बसलात, तर तेवढेच मोजावे लागेल, आणि मोजलेले चुकूही शकते. न ठरवलेला ताण कधीच चुकत नाही. पानातले पाणी कमी भरले तर तो ताण, पुरेसे भरले तर ती ताणाशी जुळवून घेण्याची क्षमता.

रावेरकडचा एखादा जुना बागायतदार बांधावरच हटकेल, "भाऊ, लिंबाला बहार धरायला आम्ही मुद्दाम ताण देतो, अन् केळीला ताण पडला तर डोक्याला हात लावतो. तुमचा ताण यातला कोणता?" गांगरू नका. "संदर्भानुसार दोन्ही," असे म्हणून चहाचा कप उचला.

आधार हवाच असेल, तर अंतःस्रावी ग्रंथींचे अभ्यासक हान्स सेली यांचा द्या. उंदरांवरील प्रयोगांतून १९३६ साली मांडलेल्या शारीरिक प्रतिसादाला त्यांनी पुढे 'स्ट्रेस' म्हटले. भौतिकशास्त्रात मात्र स्ट्रेस म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, आणि त्यातून होणाऱ्या विकृतीला 'स्ट्रेन' हा वेगळा शब्द आहे. आपले इंग्रजी तेव्हा कच्चे होते, म्हणून 'स्ट्रेन'ऐवजी 'स्ट्रेस' म्हटले गेले, हे सेलींनीच नंतर कबूल केले. तोवर त्या शब्दावर अख्खे संशोधनक्षेत्र उभे राहिले होते.

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांचे नाव घेणाऱ्या मार्गदर्शकापासून मात्र चार हात दूर राहा. १९०९ साली 'जीन' हा शब्द देताना तो कशाचा बनला आहे, याविषयी आपण काहीही गृहीत धरत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि डीएनएची रचना १९५३ साली उलगडण्याच्या कितीतरी आधी संकरातली संतती मोजून तो शब्द पारखला जात होता. असली संदिग्धता आपल्या कामाची नाही. त्यांनी न कळलेले लिहून ठेवले, आपल्याला ते झाकायचे आहे.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी व्याख्या विचारलीच, तर "पुढील संशोधनास वाव आहे" असे नम्रपणे सांगा. त्यांच्या प्रबंधातही हा शब्द बहुधा असाच मोकळा फिरत असल्याने ते मान डोलावतील. दुपारी जेवताना भरिताची वांगी बामणोदचीच आहेत का, हे मात्र ते खोदून खोदून विचारतील.