छडी नव्हती म्हणून ती पोरं बिघडली? पुस्तक उघडून बघा तरी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या वाड्याच्या (म्हणजे वस्तीच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परत फिरला, तुमच्याकडेही आला असणार. थोडक्यात असा: विल्यम गोल्डिंगच्या १९५४ च्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' कादंबरीने सिद्ध केलंय की मोठी माणसं आणि छडी नसली की पोरं चार दिवसांत आदिवासींसारखी जंगली होतात, राल्फ म्हणजे सभ्यता, जॅक म्हणजे रानटीपणा, शेवटी शिस्तीचा नेव्ही ऑफिसर येतो म्हणून उरलेली वाचतात, तेव्हा पालकांनो जागे व्हा. खाली लगेच एकाने टाकलं, आमच्या नरकासुरवाल्या पोरांना हेच लागू (गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा मोठा पुतळा उभारून पहाटे जाळतात, तो करणारी पोरं). त्यावर दहा अंगठे.

मी काही प्रोफेसर नाही, फोंड्यात झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान चालवतो. पण हे पुस्तक दोनदा वाचलंय, आणि मेसेज लिहिणाऱ्याने एकदाही वाचलेलं नाही हे छातीठोक सांगतो. गोष्ट अशी: विमान पडून इंग्लंडच्या शाळेतली पोरं मोठ्या माणसांशिवाय एका ओसाड बेटावर अडकतात, राल्फला पुढारी निवडतात, जॅक त्याच्या विरोधात जातो, आणि पिगी म्हणजे राल्फचा चष्मेवाला सोबती.

शिस्त नव्हती म्हणे. अहो, जॅक पहिल्यांदा दिसतो तोच मुळी शिस्तीत! चर्चच्या गाण्याच्या पथकाची पोरं, अंगात काळे झगे, रणरणत्या उन्हात दोन रांगांत किनाऱ्यावरून चालत येतात आणि हा त्यांना हलूसुद्धा देत नाही, इतकं की त्यातला सायमन चक्कर येऊन पडतो. अख्ख्या बेटावर सगळ्यात जास्त शिस्त कोणाला असेल तर ह्याच टोळीला, आणि पुढे शिकारी होतात तेही हेच. आणि ऐका, आपण नियम करायचे आणि पाळायचे, आपण काही जंगली नाही, आपण इंग्रज आणि इंग्रज सगळ्यात भारी, ह्या अर्थाचं वाक्य पुस्तकात आहे, पण ते राल्फचं नाही, जॅकचं! दुसऱ्या वाचनात तिथे मी गल्ल्यावर बसून मोठ्याने हसलो, गिऱ्हाईक बघत राहिलं.

राल्फ म्हणजे सभ्यता हेही अर्धंच. सुरुवातीलाच एक चिमुरडा आगीत नाहीसा होतो, तोंडावर डाग असलेला, ती आग शिकारीची नव्हे, जहाजाला धूर दिसावा म्हणून सगळ्यांनी मिळून लावलेली, राल्फ पुढारी असताना, आणि एकूण पोरं किती हे कोणी मोजलंच नव्हतं. सायमनला वादळात घेरून मारतात तेव्हा राल्फ आणि पिगी दोघेही त्या रिंगणात असतात. दुसऱ्या दिवशी पिगी म्हणतो, तो अपघात होता. सभ्य माणसाची भाषा ही, आपल्याकडे पण चालते.

"आदिवासींसारखी" ह्यावर मात्र मला खरंच राग आला. पुस्तकात एकही आदिवासी नाही. तोंडाला रंग फासून भाले घेऊन नाचणारी सगळी इंग्लंडच्या शाळेतली पोरं, आणि जंगली म्हणजे काय हे ती घरूनच डोक्यात घेऊन आलेली. इथे लेखकालाही मी सोडत नाही, शेवटी शेवटी तो स्वतःच त्यांना सरळ जंगली म्हणत सुटतो, शब्द तोच जुना वापरतो. आमच्याकडे आदिवासी गावड्यांच्या बायका रात्री धालोची गाणी म्हणत नाचतात त्या मांडावर, म्हणजे पवित्र अंगणात, चपला घालून पाय ठेवून बघा, नियम कोणाकडे आहेत ते बायकाच सांगतील. उलट गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्माच्या नावाने शिक्षा देणारं कोर्ट, आलं १५६० साली आणि कायमचं गेलं १८१२ साली, मधली चार वर्षं सोडून, आणि ते काय तोंडाला रंग फासून आलं नव्हतं, कारकून होते, शिक्के होते, वह्या होत्या.

आता तो ऑफिसर. पोरं ज्या भुताला घाबरतात ते असतं पॅराशूटला लटकलेलं एका मोठ्या माणसाचं प्रेत, लढाईतून पडलेलं. मुळात पोरं बेटावर आली तीच युद्धामुळे. ऑफिसर येतो तो युद्धनौकेवरून, हात रिव्हॉल्व्हरवर ठेवून, म्हणजे तोही शिकारीलाच निघालाय की, फक्त बेट मोठं! आणि त्याला धूर दिसला तो कुठला? राल्फला बाहेर काढायला जॅकच्या टोळीने रान पेटवलं त्याचा. गोल्डिंग स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता, नॉर्मंडीच्या चढाईत होता, नंतर सॉल्सबरीच्या मुलांच्या शाळेत मास्तर. त्याने पुढे लिहिलंय की मधमाशी मध करते तसा माणूस दुष्टपणा तयार करतो. 'माणूस' म्हणाला तो, 'छडी नसलेला पोरगा' नव्हे.

मेसेजला उत्तर म्हणून कोणीतरी पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशाची गोष्ट टाकली. ती खरी आहे: १९६५ मध्ये सहा मुलगे होडी घेऊन पळाले, 'अता' नावाच्या ओसाड बेटावर अडकले, पंधरा महिने पाळ्या लावून राहिले, आग विझू दिली नाही, एकाचा पाय मोडला तो काठ्या बांधून बरा केला, १९६६ त पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियनने सोडवलं. (बेट ओसाड का, तर १८६३ त गुलामांच्या व्यापाऱ्यांनी माणसं पळवली आणि उरलेल्यांना राजाने दुसरीकडे हलवलं.) गोष्ट सुंदर, पण त्यानेही गोल्डिंग खोटा ठरत नाही, कारण ते सहा जण आधीपासूनचे दोस्त, आणि कादंबरीत ढीगभर पोरं, बरीचशी एकमेकांना अनोळखी. कादंबरी काही सिद्ध करत नसते हो. आता हेच बघा, पिगीच्या चष्म्याने आग पेटवतात म्हणे, पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे माझ्यासारखा मायनस नंबर, माझा चष्मा मी दुकानाबाहेर उन्हात झेरॉक्सच्या रद्दीवर धरून बघितला, कागद साधा गरमही झाला नाही, ती काच ऊन पसरवते.

राहिली आमची नरकासुरवाली. महिनाभर बांबू, गवत, रद्दी, मैद्याची खळ, सगळं त्यांनी स्वतः केलं, वर्गणीचा डबा कोणाकडे ह्यावरून दोघांची मारामारीही झाली, मग डबा माझ्या दुकानात आणि चावी सहावीतल्या एका पोरीकडे असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. रात्री तीन वाजता बक्षिसावरून शेजारच्या वाड्याशी कॉलर धरून भांडले ते चाळीस-पंचेचाळीसचे बापे, पोरं तेव्हा नरकासुराच्या पायाशी झोपली होती. डबा अजून माझ्या गल्ल्याशेजारी आहे, त्यात तीनशे चाळीस रुपये उरलेत असं ती म्हणते, मी काही मोजले नाहीत.