"शिकून पळाले" वाल्या मेसेजबद्दल

परत फिरतोय तो मेसेज. सरकारच्या पैशावर शिकले नि परदेशी पळाले, गेलेला प्रत्येक पदवीधर म्हणजे देशाचा तोटा, शिक्षणाचा खर्च वसूल करा नाहीतर जाऊच देऊ नका वगैरे.

वसुलीचं आधी. हे सोव्हिएत युनियनने 1972 मध्ये करून बघितलंय. जितकी मोठी डिग्री तितका मोठा टॅक्स, तो भरा आणि मग देश सोडा, आणि रक्कम अशी की पगारातून भरणं शक्यच नाही. जगभर बोंबाबोंब झाली आणि पुढच्याच वर्षी गुपचूप वसुली थांबवली.

जाऊच द्यायचं नाही? पूर्व जर्मनीने 1961 ला त्यासाठी भिंतच बांधली, डॉक्टर-इंजिनियर भराभर पश्चिमेला चालले होते ना. 1989 ला भिंत पडली आणि लोक पुन्हा निघाले.

"गेला तो गेलाच" हे तैवानवाल्यांना सांगून बघा. त्यांचे ढीगभर इंजिनियर अमेरिकेत गेले होते, मग 1980 ला सरकारने शिंचूला सायन्स पार्क काढला, जागा दिली, सवलती दिल्या, शेजारी रिसर्च इन्स्टिट्यूट होतीच, तेव्हा कुठे लोक परतायला लागले आणि येताना ओळखी, अनुभव सगळं घेऊन आले. नुसतं देशप्रेमाचं भाषण ऐकून कोण येतंय! टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी काढणारा मॉरिस चँग तर मूळचा तैवानचाही नाही, जन्म चीनमधला, करिअर अमेरिकेतलं, तरी 1985 ला तैवानला गेला.

आता डॉक्टर-नर्सचा मुद्दा, इथे मेसेजमध्ये दम आहे हे मान्य. फिलिपिन्समध्ये चक्क डॉक्टर लोक पुन्हा नर्सिंग शिकले, का तर नर्सला व्हिसा मिळतो, हा सरळ सरळ तोटा. पण तिथलीच दुसरी बाजू बघा, परदेशी नोकरी दिसली म्हणून नर्सिंगला पोरं लोटली, आणि सगळी काही गेली नाहीत. मागे राहिलेल्यांचं काय झालं? सरकारी जागा भरायला पैसे नव्हते, त्यामुळे वॉर्डात माणूस कमी आणि बाहेर लायसन्स घेतलेल्या नर्स बेकार, हे एकाच वेळी. अनुभवाचं सर्टिफिकेट हवं म्हणून त्यातल्या कित्येकींनी पगार तर सोडाच, उलट हॉस्पिटललाच फी भरून ड्युट्या केल्या. आणि ही हॉस्पिटलं परदेशातली नव्हती.