"प्रत्येक इंडिकेटरला एक रेझिस्टर टाका, विषय संपला" म्हणे

कस्टम बाईकवर एलईडी इंडिकेटर बसवले की कोणीतरी एक ठरलेला मेसेज पाठवतंच. मलाही तो इतक्यांदा आलाय की आता पाठ झालाय. थोडक्यात असा: इंडिकेटर भराभर मारतोय (लुकलुकतोय) म्हणजे एलईडीचा माल हलका आहे, चारही इंडिकेटरला एकेक रेझिस्टर टाका, चारी एकदम मारत असतील तर वायरिंग शॉर्ट आहे ते नवीन करा, फ्लॅशर (इंडिकेटरला चालू-बंद करत मारायला लावणारा छोटा डबा) कुठलाही चालतो, आणि एलईडीला करंट लागतोच किती, त्यामुळे अर्थची (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या जोडाची) चिंता नको, काळ्या वायरला काळी वायर जोडा. यातलं थोडं थोडं खरं आहे म्हणून तर हा मेसेज मरत नाही.

सुरुवात "हलक्या मालापासून". साधा १० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ०.८ अँपिअर घेतो, म्हणजे एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून दीड अँपिअरच्या वर, आणि त्याच जागी एलईडी घेतो जेमतेम ०.१. कंपनीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बऱ्याचदा हा लोड बघत असतो, लोड कमी दिसला की त्याला वाटतं एखादा बल्ब उडालाय आणि ते तुम्हाला कळावं म्हणून तो मुद्दाम जोरात मारतो. म्हणजे फ्लॅशर त्याचं काम चोख करतोय, एलईडीपण करतोय, फक्त दोघांचं जुळत नाहीये. जुना गरम होणाऱ्या पत्तीचा फ्लॅशर असेल तर उलटंच होतं, एवढ्याशा करंटने पत्ती तापत नाही आणि इंडिकेटर न मारता नुसता पेटून राहतो. खात्री करायची असेल तर काढलेले दोन्ही जुने बल्ब वायरीने त्याच बाजूला पॅरलल लावून बघा, स्पीड नॉर्मल झाला की एलईडी निर्दोष. आणि एक, भराभर मारणं फक्त एकाच बाजूला असेल तर फ्लॅशरला हात लावू नका, त्याच बाजूची वायर बघा.

आता मेसेजचा मुख्य मुद्दा, रेझिस्टर. तो टाकायचा कशाला, तर जास्तीचा करंट खाऊन फ्लॅशरला बल्बाएवढा लोड दाखवायला. पहिली गोष्ट म्हणजे तो लावायचा कसा हेच मेसेजमध्ये नाही, त्यामुळे लोक इंडिकेटरची वायर कापून मध्येच म्हणजे सीरिजमध्ये टाकतात, त्याने फ्लॅशरला दिसणारा लोड वाढत नाही, एलईडी किंचित मंद होतो एवढंच. तो पॅरलल लागतो, एक टोक इंडिकेटरच्या प्लसला आणि दुसरं अर्थला. दुसरी गोष्ट, हिशोबच चुकीचा आहे. बाजारात सर्रास मिळतो तो ६.८ ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टला साधारण २१ वॅट खातो, म्हणजे एकटाच १० वॅटच्या दोन बल्बांइतका. तुमच्या बाईकला आधी १०-१० वॅटचे बल्ब होते तर एका बाजूला एकच पुरे. चार लावून हॅझर्ड (चारी इंडिकेटर एकदम मारायचं बटण) दाबला, इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ धरलं, तर प्रत्येकातून २ अँपिअर, एकूण ८. मूळ बल्बांना याच्या निम्मेही लागत नव्हते, आणि त्या बारीक वायरी, तो स्विच, सगळं मूळ बल्बांच्या हिशोबाने केलेलं असतं.

आणि उष्णता. रेझिस्टरच्या सोनेरी ॲल्युमिनियमच्या अंगावर "५० वॅट" छापलेलं असतं ते बघून लोक निर्धास्त होतात, पण तो आकडा तो धातूच्या जाड पत्र्यावर नीट बोल्ट केला तरचा आहे. प्रत्यक्षात तो झिप टायने वायरिंगच्याच जुडग्याला बांधलेला किंवा सीटखाली फोमला टेकवलेला दिसतो. वळणावर दहा सेकंद इंडिकेटर मारला तर काही होत नाही, पण इंडिकेटर बंद करायला विसरलात किंवा हॅझर्ड लावून उभे राहिलात की तो हात भाजेल इतका तापतो आणि शेजारच्या वायरीचं इन्सुलेशन मऊ व्हायला लागतं. करंट वाचवायला म्हणून एलईडी लावायचे आणि वाचलेला सगळा करंट रेझिस्टरमध्ये जाळायचा, यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही. त्यापेक्षा फ्लॅशरच लोड न बघणारा, एलईडीसाठीचा लावा.

रेझिस्टर कायम चूक असं मात्र नाही. ज्या नव्या बाईकमध्ये वेगळा फ्लॅशर रिलेच नसतो, इंडिकेटर थेट कंट्रोल युनिट चालवतं, तिथे बदलायला काही हाताशीच नाही, तिथे रेझिस्टर लावा, पण हिशोब करून आणि धातूवर बोल्ट करून.

चारी एकदम मारतात हा मुद्दा सगळ्यात गमतीचा, कारण इथे मेसेजवाले "वायरिंग नवीन करा" म्हणतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बघा काय होतं ते. बऱ्याच बाईकच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या दोघांना मिळून एकच दिवा असतो, त्याचं एक टोक डाव्या वायरला आणि दुसरं उजव्या वायरला, त्याला स्वतःचा अर्थच नाही. डावा इंडिकेटर दिला की करंट त्या दिव्यातून उजव्या बाजूला जातो आणि उजव्या बल्बांच्या फिलामेंटमधून अर्थ गाठतो, दीड-दोन वॅटच्या दिव्याच्या करंटने १० वॅटचा बल्ब पेटत नाही म्हणून तुम्हाला कधी कळलंच नाही. एलईडीला मात्र तेवढा करंट पोटभर होतो, म्हणून उजवेपण लुकलुकतात. कुठेही शॉर्ट नाही.

पडताळायला मीटरमधला तो दिवा होल्डरमधून काढा, चारी मारायचं थांबलं की चोर सापडला. उपाय दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), साधे १एन४००७, अगदी स्वस्तातला पार्ट. दोन्हींची पांढरी पट्टी असलेली टोकं एकत्र करून दिव्याच्या एका वायरला, बिनपट्टीची टोकं एक डाव्या वायरला एक उजव्या, आणि दिव्याची दुसरी वायर पक्क्या अर्थला. दिव्याऐवजी छोट्या कस्टम मीटरमधला एलईडी असेल तर तो आधी एकाच बाजूला पेटत असणार, तेही यानेच सुटतं, फक्त त्याचा प्लस डायोडकडे ठेवा.

आणि हो, रेझिस्टर टाकल्यावर हे चारीचं मारणं खरंच थांबतं, कारण करंटला पुन्हा रेझिस्टरमधून सोपी वाट मिळते. म्हणूनच लोक शपथेवर सांगतात की "माझ्याकडे रेझिस्टरनेच सुटलं". सुटलं ना, पण दोन डायोडचं काम तापणाऱ्या रेझिस्टरकडून करून घेतलंत.

"फ्लॅशर कुठलाही चालतो" हे सरळ चूक. दोन पिनचा असतो, तीन पिनचा असतो, आणि तिसरी पिन कधी अर्थ असते तर कधी मीटरच्या दिव्याची. अंगावर बी, एल, ई (बॅटरी, दिवे, अर्थ) किंवा त्याच क्रमाने ४९, ४९ए, ३१ असं छापलेलं असतं ते वाचा, पिनांची जागा बदललेली असू शकते, कपलरमध्ये (फ्लॅशर खोचायच्या सॉकेटमध्ये) बसला म्हणजे जुळला असं नाही. काही दोन पिनच्या एलईडी फ्लॅशरला अर्थची एक सुटी वायर येते, ती लोंबकळत ठेवली की तो मारतच नाही. शंका असेल तर फ्लॅशर काढून कपलरमधल्या बी आणि एल या दोन जागा वायरीने जोडा आणि इंडिकेटर द्या, दोन्ही दिवे स्थिर पेटले तर वायरिंग ठीक, गडबड फ्लॅशरची.

राहिला अर्थ आणि काळी वायर. बाहेरून घेतलेल्या इंडिकेटरची काळी बहुधा अर्थ असते, पण बाईकची असेलच असं नाही. होंडाच्या बाईकवर साधारणपणे अर्थ हिरवी असते आणि काळी म्हणजे चावी दिल्यावर येणारा प्लस, यामाहात काळीच अर्थ, सुझुकीत काळी-पांढरी, कावासाकीत काळी-पिवळी. होंडावर काळ्याला काळी जोडली आणि इंडिकेटर धातूच्या दांड्याचा, अंगातूनच अर्थ घेणारा असेल तर चावी फिरवली की फ्यूज गेलाच. शिवाय बल्बला उलटसुलट कळत नाही, एलईडीला कळतं, उलटा जोडला तर पेटणारच नाही. आणि पावडर कोट केलेल्या फ्रेमवर किंवा रबर माउंटवर इंडिकेटर कसला की अंगातून मिळणारा अर्थ गेला, तिथे वेगळी वायर बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. इंडिकेटर चालू ठेवून त्याचा अर्थ आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मल्टिमीटर लावा, ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर जोड खराब. इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसापर्यंतच, सोल्डर करून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) घाला.

सगळं जोडून झालं की घड्याळ लावून मोजा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत मिनिटाला ६० ते १२० वेळा मारायला हवा, म्हणजे १० सेकंदांत १० ते २०. एकदा आयडलवर मोजा आणि एकदा रेस देऊन, डावीकडे वेगळं, उजवीकडे वेगळं.