‘सर्व्हरवरून पान’ म्हणजे मागासलेपण? जळगावातून उत्तर

आमच्या जळगाव-धुळ्याच्या डेव्हलपर पोरांमध्ये एक मेसेज महिनाभर फिरतोय. सार असं: सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकावर, एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि मांडणी सांगणारा कोड) बनवणं हा जुन्या पीएचपी भाषेच्या काळातला प्रकार, आता सगळं रिॲक्टसारख्या फ्रेमवर्कनं (कोडच्या तयार सांगाड्यानं) ब्राउझरमध्येच करायचं. त्यानं साइट पळते, पान रिफ्रेश होत नाही, सर्व्हरचा खर्च वाचतो आणि शेतातल्या रेंजलाही तेच झेपतं. केळीच्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाची सॉफ्टवेअरं लिहून माझं पोट चालतं, म्हणून बोलतो.

‘साइट पळते.’ पहिल्यांदा उघडताना तर उलटंच. आधी रिकामं एचटीएमएल येतं, मग जावास्क्रिप्टचं, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडचं, गाठोडं उतरतं, फोन ते चालवतो, ते सर्व्हरकडे डेटा मागतं, आणि तेव्हा कुठे आकडे दिसतात. रावेरकडच्या एका व्यापाऱ्याच्या मुनीमकाकांना मी असंच ॲप दिलं होतं. फोन जुना, नेट जेमतेम. दुसऱ्याच दिवशी त्यांचा कॉल: “भो, नुसतं पांढरं दिसी राहिनं!” चूक माझीच, मी तपासलं ते माझ्या लॅपटॉपवर. ट्विटरलाही २०१२ मध्ये पान रचायचं काम ब्राउझरकडून काढून परत सर्व्हरवर न्यावं लागलं होतं. आणि खुद्द रिॲक्टवाल्यांनी २०२० च्या डिसेंबरात ‘सर्व्हर कंपोनंट्स’, म्हणजे सर्व्हरवरच रचले जाणारे पानाचे भाग, मांडले, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या कानावर गेलेलं दिसत नाही.

रिफ्रेशचं म्हणाल तर रेल्सचं टर्बो, लॅरॅव्हलचं लाइव्हवायर, एचटीएमएक्स, यातलं कुठलंही साधन घ्या, सर्व्हर एचटीएमएलचा बदललेला तुकडा पाठवू शकतो. काकांनी पावती टाकली की यादीत एक ओळ वाढते, बाकी पान जागेवर.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात. सर्व्हरला घाम फुटतो तो बहुतेकदा डेटाबेसच्या क्वेरींनी, म्हणजे साठवलेली माहिती शोधून काढण्यानं. उत्तर जेसनमध्ये (नुसत्या डेटाच्या रूपात) द्या की एचटीएमएलमध्ये, क्वेरी तीच.

मेसेजमध्ये नसलेली खरी किंमत वेगळीच. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली आणि उचल वजा. हा हिशेब ब्राउझरमध्ये केला तरी सर्व्हरवर परत करावाच लागतो, कारण ब्राउझरमधून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणजे एकच नियम दोन ठिकाणी, बऱ्याचदा दोन भाषांत. जावास्क्रिप्टला ०.१ अधिक ०.२ विचारा, ०.३०००००००००००००००४ सांगेल. डेटाबेसमधला डेसिमल प्रकारचा आकडा नेमका ०.३ देतो. नीट राउंड केलं नाही तर स्क्रीनवर एक रक्कम, छापील पावतीवर दुसरी. फरक काही पैशांचाच असतो, पण शेतकऱ्यासमोर तो व्यापाऱ्याच्या इभ्रतीचा होतो.

आता रेंज. इथे मेसेजवाला निम्मा बरोबर आहे. यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला काटा, म्हणजे मालाचं वजन, शेतातच होतो, आणि रेंज येते-जाते. तिथे फिनिक्स या फ्रेमवर्कचं लाइव्हव्ह्यू (पान सर्व्हरवरून हलवणारं साधन) घेऊन गेलात तर फसाल. त्याला सर्व्हरशी जोडणी सतत जिवंत लागते. एचटीएमएक्सचंही तेच, नेट नाही तर तुकडा येणार कुठून? पण नुसतं रिॲक्ट घेतल्यानंही ॲप ऑफलाइन चालत नाही. नेट नसतानाही पान उघडून देणारा सर्व्हिस वर्कर लिहावा लागतो, नोंदी ब्राउझरमधल्या इंडेक्स्ड-डीबी या साठ्यात ठेवाव्या लागतात, नेट आल्यावर त्या चढवाव्या लागतात, आणि मधल्या वेळात कोणी भाव बदलला असेल तर कुठला धरायचा हे ठरवावं लागतं. त्या शेवटच्या प्रश्नानं माझे दोन आठवडे खाल्ले. फ्रेमवर्कचा त्यात काही उपयोग नव्हता. काकांना विचारलं, ते म्हणाले, काट्याच्या वेळचा.

काहीजण नोकरीचं काढतील. पुण्यात मुलाखतीला रिॲक्ट विचारतात, खरंय. शिका की. पण गिऱ्हाइकाच्या पैशावर नको.

माझ्याकडेही रिॲक्ट आहे, त्या एका काट्याच्या स्क्रीनपुरतं. बाकी खातेवही सर्व्हरवरून येते. मुनीमकाकांचा फोन अजून तोच आहे.