टाचणी खाली ठेवा

ज्यांच्या ऑफिसात राऊटर आहे आणि त्याचा पासवर्ड फक्त ‘बसवून गेलेल्या पोराला’ ठाऊक आहे, त्यांनी ही पोस्ट शेवटपर्यंत वाचावी. लांब झाली आहे, पण माझा नाइलाज आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत काम करते. लागले क्लार्क म्हणून, पण कॉम्प्युटरचं काही अडलं की हाक मलाच येते. फेब्रुवारीत नवीन प्रिंटर आला. त्याला कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) बांधून द्यायचा म्हणून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राऊटरच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता टाकला. गोल फिरत राहिलं आणि शेवटी पान उघडत नाही असा संदेश आला. इंटरनेट मात्र झकास चालू. काउंटरवर भरणा सुरू होता, शाखेच्या नोंदी मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर चढत होत्या. कुणाला काही पत्ताही लागला नाही.

राऊटर बसवणाऱ्याला फोन लावला. त्यानं ऐकून घ्यायच्या आधीच उपाय सांगितला. “मॅडम, मागं बारीक भोक आहे बघा. टाचणी घाला, दहा सेकंद दाबून धरा.” फोन स्पीकरवर होता. आमचे शिपाईमामा तत्पर माणूस. त्यांनी व्हाउचरच्या गठ्ठ्यातली टाचणी उपसली आणि कपाटाशी स्टूल ओढलं. मी अक्षरशः ओरडले, “मामा, थांबा! टाचणी खाली ठेवा.”

रीस्टार्ट आणि रीसेट हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थानं वापरतात, आणि त्यातून ऑफिसंच्या ऑफिसं दिवसभर बंद पडतात. रीस्टार्ट म्हणजे राऊटर बंद करून चालू करणं. त्या भोकातलं बटण दाबून धरणं म्हणजे त्याची पाटी कोरी करणं. लाइनचं युजरनेम-पासवर्ड, व्हीलॅन नंबर (लाइनच्या सेटिंगमधला खुणेचा आकडा), मुख्य कार्यालयाशी जोडणारा बोगदा (इंटरनेटमधूनच जाणारी बंदिस्त वाट), कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डीव्हीआरसाठी उघडलेला पोर्ट (बाहेरून आत यायचं दार), वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. यातलं काहीही आमच्या ऑफिसात कागदावर नव्हतं. ऐन भरण्याच्या वेळी मामांनी ती टाचणी दाबली असती, तर काउंटरवरच्या माणसांना मी काय सांगितलं असतं?

मग शांतपणे बसून एकेक तपासलं. आधी कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग ही कमांड दिली, म्हणजे गेटवेचा (इंटरनेटकडे जायच्या दाराचा, इथं राऊटरचा) पत्ता खरंच तोच आहे का ते कळतं. होता. पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून पाहिली, तर एका मिलिसेकंदात उत्तर. मग एआरपी टेबल पाहिलं, म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा आहे याची यादी. कधी कधी कुणीतरी घरून दुसरा वायफायचा डबा आणून लावतो, त्याचाही पत्ता नेमका तोच असतो आणि आपण भलत्याच दारावर थाप मारत राहतो. पण तिथला मॅक पत्ता (यंत्राचा कारखान्यातून आलेला नंबर) राऊटरच्या पोटावरच्या स्टिकरशी जुळला. दुसरा ब्राउझर, इनकॉग्निटो, पत्त्याच्या आधी एचटीटीपी स्वतः टाइप करून (हल्ली ब्राउझर परस्पर एचटीटीपीएसकडे, म्हणजे त्याच्या सुरक्षित रूपाकडे वळतात आणि जुन्या राऊटरला ते झेपत नाही), वायफाय सोडून थेट केबल लावून, सगळं करून झालं. पान मेलेलंच.

याचा अर्थ एवढाच, की राऊटर जिवंत आहे आणि आतला एक प्रोग्रॅम झोपला आहे. राऊटर हा छोटा कॉम्प्युटरच. इंटरनेटची ये-जा सांभाळणं हे त्याचं एक काम, आपल्याला सेटिंगचं पान दाखवणं हे दुसरं, आणि त्या पानासाठी आत एक चिमुकला वेबसर्व्हर चालतो. मेमरी मुळात तुटपुंजी. ती भरली किंवा त्या सर्व्हरकडे एकाच वेळी भरमसाट मागण्या आल्या, की तो गप्प होतो आणि बाकीचं चालू राहतं. काउंटरवर व्यवहार चालू आहेत, पण शाखाधिकाऱ्यांच्या केबिनला आतून कडी, असा प्रकार. काही राऊटरांत एसएसएचनं (कमांड टाइप करून चालवायच्या सोयीनं) आत शिरून तेवढाच प्रोग्रॅम पुन्हा सुरू करता येतो. आमच्यात ती सोय नव्हती.

संध्याकाळी डे-एंड झाल्यावर प्लग काढून पुन्हा लावला. पान उघडलं. लगेच सेटिंगची बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि प्रत्येक पानाचा फोटो काढला. सगळ्यांना वाटलं, झालं काम. मलाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी पान पुन्हा बंद.

पहिल्या वेळी रीस्टार्ट केल्यावर मी लॉग, म्हणजे राऊटरची घडामोडींची नोंदवही, बघितला होता, पण तो कोरा होता. या छोट्या राऊटरांचा लॉग बहुधा मेमरीतच असतो, वीज गेली की पुसला जातो. म्हणजे रीस्टार्ट करून मीच पुरावा धुऊन टाकला होता. या वेळी रीस्टार्ट केला आणि लॉगचं पान उघडून समोरच बसले. सुरुवातीच्या ओळींवर १ जानेवारी १९७० अशी तारीख. घड्याळ इंटरनेटवरून जुळेपर्यंत ती तशीच दिसते. मग खऱ्या तारखेच्या ओळी सुरू झाल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. लॉगिन अयशस्वी. लॉगिन अयशस्वी. युजर अॅडमिन, युजर रूट, युजर सपोर्ट. पत्ते सगळे बाहेरचे. चहा संपेपर्यंत पान भरून गेलं.

राऊटर बसवणाऱ्यानं ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून सेटिंग बदलायची सोय, चालू ठेवलं होतं. तालुक्याला यायची खेप वाचावी म्हणून आमच्या सेटिंगचं दार त्यानं अख्ख्या जगाला उघडं ठेवलं, आणि आम्हाला सांगितलंही नाही. पतसंस्थेत, जिथं लोकांच्या घामाचे पैसे आहेत तिथं. याचा मला आजही संताप आहे.

हे दार ठोठावणारी माणसं नसतात, यंत्रं असतात. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा तसलाच घुसखोर प्रोग्रॅम ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत शिरला. तेव्हा अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेनं लोकांना राऊटर रीस्टार्ट करायला सांगितलं होतं, पण त्या प्रोग्रॅमचा पहिला टप्पा रीस्टार्टनंतरही आत तसाच राहायचा. तिथं खरंच रीसेट लागत होता. म्हणजे टाचणीलाही तिचं काम आहे, फक्त बॅकअप हातात असताना आणि कशासाठी दाबतोय हे माहीत असताना.

मी एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी फक्त रिमोट मॅनेजमेंट बंद केलं आणि दहा दिवस थांबले. पान एकदाही अडकलं नाही. मग पासवर्ड बदलला, आणि रविवारी यूपीएसवर, केबल लावून फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं. राऊटरवर ठेवलेलं जुनं आवक-जावक रजिस्टरही उचललं. खालचा डबा हाताला चटका बसेल इतका तापला होता.

आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या आहेत, दोन वेगवेगळ्या माणसांकडे. कोण रजेवर गेलं, किल्ली कुणाला दिली, याची रजिस्टरला सही होते. तिजोरी बनवणारा कारागीर एक किल्ली स्वतःच्या खिशात घालून गेला असता, तर संचालक मंडळानं चालवून घेतलं असतं का? राऊटरचा पासवर्ड ही तशीच किल्ली आहे. ती संस्थेची. बसवणाऱ्याची नाही आणि माझीही नाही.

हे मी साहेबांना सांगितलं आणि त्यांनी एका शब्दात मान्य केलं. आता तिजोरीत लाखेनं बंद केलेलं एक पाकीट आहे. आत पासवर्ड, लाइनचं युजरनेम, फोटोंच्या प्रिंट आणि तो पेनड्राइव्ह. किल्ली रजिस्टरमध्ये त्याची वेगळी ओळ आहे, खाली साहेबांची आणि माझी सही. दर सोमवारी काउंटर उघडायच्या आधी मी राऊटरचं पान उघडून लॉग वाचते. मामा चहा ठेवता ठेवता विचारतात, “मॅडम, पान उघडलं का?”