खरे व्हा, पण आधी मंजुरी घ्या

'तुम्ही जसे आहात तसे ऑफिसात या' असा मेल एचआरकडून आला की बरीच मंडळी खरोखरच तशी येतात. इथेच घोडं पेंड खातं. रात्री साडेअकराला क्लायंटचा कॉल संपवलेला, सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर खोळंबलेला, मुलाच्या अ‍ॅडमिशनच्या विवंचनेतला माणूस सोमवारी दहाच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, कुणालाही नको असतो. कंपनीला तुमचा खरेपणा हवाच आहे, पण तांदूळ निवडून, खडे काढून, धुऊन द्यावेत तसा. निवडण्याचं काम घरी करायचं. त्याचा वेळ टाइमशीटमध्ये भरता येत नाही.

सुरुवात सोप्या प्रकारापासून करा. मीटिंगच्या आधी 'एका शब्दात सांगा, आज कसं वाटतंय?' असं विचारण्याची आता पद्धत आहे. चालणारे शब्द: एक्सायटेड, ग्रेटफुल, एनर्जाइज्ड. 'थकलोय' हा शब्द तिमाहीत एकदा चालतो, तोही रिलीज नुकतंच पार पडलेलं असेल तर आणि हसत म्हटला तर. त्याच तिमाहीत दुसऱ्यांदा म्हणालात, तर साहेबासोबतच्या पुढच्या वन-ऑन-वनमध्ये 'टाइम मॅनेजमेंट' हा विषय निघेल आणि ऑनलाइन कोर्सची लिंक मिळेल. कोर्स सहा तासांचा असेल. तो शनिवारी करायचा.

पुढची पायरी लोणावळ्याची. रिसॉर्टमध्ये खुर्च्या गोल मांडून प्रत्येकाला आयुष्यातला एक हळवा प्रसंग सांगायला लावतात. प्रसंग निवडताना चार गोष्टी पाहा. तो किमान पाच वर्षं जुना हवा. पूर्ण मिटलेला हवा. त्यात पैशांचा विषय नको. आणि कोणताही आजी-माजी मॅनेजर त्याच्या आसपासही फिरकता कामा नये. बारावीला कमी पडलेले मार्क किंवा इंग्रजीतल्या पहिल्या प्रेझेंटेशनला झालेलं त-त-प-प हे दोन्ही खात्रीचे प्रसंग आहेत. लांबी दीड मिनिट. आवाज एकदाच दाटून यावा, साधारण मिनिटाच्या आसपास, आणि शेवटी 'त्यातून मी खूप शिकलो' हे वाक्य. रडू नका. रडलात तर तिघं उठून पाठीवर हात ठेवतात, चहाची सुट्टी पुढे जाते आणि त्याचं खापर तुमच्यावर फुटतं.

प्रसंग ताजा निवडला तर काय होतं, तेही पाहा. 'चार महिने नीट झोप लागत नाही' असं खरंखुरं कुणी सांगितलं की खोलीत शांतता पसरते. फॅसिलिटेटर 'थँक यू फॉर शेअरिंग' म्हणतो. मंगळवारी समुपदेशनाच्या हेल्पलाइनचा नंबर येतो. नवा प्रोजेक्ट सुरू होतो तेव्हा त्या माणसाचं नाव यादीत नसतं, कारण 'त्याच्यावर आधीच लोड आहे'. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. सगळं काळजीपोटीच होतं, म्हणून तक्रारही करता येत नाही.

दुपारच्या सत्रात चौकोन काढायला लावतात. ही जोहरी विंडो. अर्ध्या वर्गाला ती कुणा जोहरी सरांची वाटते. प्रत्यक्षात जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ती १९५५ साली मांडली. ५६ विशेषणांतून स्वतःला लागू पडणारी पाच-सहा निवडायची, इतरांनी तुमच्यासाठी निवडायची आणि मग ताळा पाहायचा. स्वतःत शोधत बसू नका. मॅनेजर स्वतःसाठी काय निवडतो ते आधी पाहा आणि त्यातली तीन उचला. स्वभावाची चार अक्षरं सांगणारी जी दुसरी चाचणी असते, तिची तर फिकीरच नको. कार्ल युंगने १९२१ साली मांडलेल्या स्वभावप्रकारांवर अमेरिकेतल्या एका मायलेकींनी ती बेतली. प्रकार एकूण १६. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांचं एखादं अक्षर बदलतं. म्हणजे मूळ स्वभाव अप्रेझलच्या वर्षापेक्षा लवकर संपतो. नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरू नका, असं ती विकणारी कंपनीच सांगते. तरी अक्षरं लिंक्डइनवर टाका, छान दिसतात.

आता मुख्य धोक्याची जागा: ३६० अंशी फीडबॅक, म्हणजे साहेब, सहकारी आणि हाताखालचे अशा सगळ्यांनी एकाच माणसाबद्दल मत देणं. इथे खरेपणाचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण वर ठळक अक्षरांत 'तुमचं नाव गुप्त राहील' असं लिहिलेलं असतं. गुप्ततेची यंत्रणा समजून घ्या. सहकारी आणि हाताखालचे यांचे आकडे सरासरी काढून दाखवतात आणि साधारण तिघांनी तरी उत्तर दिल्याशिवाय त्या गटाचा निकाल उघडत नाही. टीममध्ये तिघंच असतील, तर साहेबाला फक्त दोन जणांना वगळायचं असतं. आणि आकड्यांनी कुणी पकडलं जात नाही. पकडलं जातं ते खालच्या मोकळ्या चौकटीत. तिथलं लिखाण बहुतेक ठिकाणी जसंच्या तसं पुढे जातं. प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबं देणारा, दर मेलमध्ये 'काइंडली' लिहिणारा, स्वल्पविरामाआधी जागा सोडणारा, हे सगळे पहिल्या ओळीत ओळखू येतात. त्याखाली 'उदाहरण द्या' अशी आणखी एक चौकट असते. ती तर सापळाच. उदाहरण दिलं की त्यात तारीख आली, मीटिंग आली, मीटिंगला हजर असलेली पाच नावं आली. तेव्हा तिथे 'आणखी स्ट्रॅटेजिक होण्यास वाव आहे' एवढंच लिहा. हे वाक्य कुणालाही लागू पडतं, कुणाला लागत नाही, आणि साहेबही आपल्या साहेबाबद्दल तेच लिहून आलेला असतो.

निनावी सर्व्हेचं तंत्र थोडं वेगळं. नाव विचारत नाहीत. शहर, विभाग, अनुभव आणि लिंग मात्र विचारतात. खराडी, टेस्टिंग, सात ते दहा वर्षं, स्त्री. अशी बाई त्या मजल्यावर एकच असते.

सेल्फ अप्रेझलला पाचपैकी चार गुण द्या. पाच दिलेत तर आत्मपरीक्षण कमी, तीन दिलेत तर ते आनंदाने कायम करतात. 'सुधारणेस वाव' या रकान्यात 'काम दुसऱ्यावर सोपवायला शिकायला हवं' असं लिहा. एवढं करून भागतंच असं नाही. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत जॅक वेल्च प्रमुख असताना वरचे २०, मधले ७० आणि तळाचे १० टक्के अशी माणसांची वाटणी व्हायची. मायक्रोसॉफ्टने आपल्याकडची अशी उतरंड २०१३ साली मोडीत काढली. तुमच्या कंपनीनेही ती 'बंद' केली असेल. आता साहेब मंडळी एकत्र बसून सगळ्यांचे गुण जुळवून घेतात, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते बंद खोलीत होतं आणि तिथे तुमच्या खरेपणाला आमंत्रण नसतं.

खरेपणाचा कोटा ग्रेडनुसार ठरतो, हे कुठल्याच पॉलिसीत लिहिलेलं नसतं. डायरेक्टर ओरडला तर पॅशनेट, टीम लीड ओरडला तर त्याला कोचिंगची गरज, फ्रेशर नुसता मोठ्याने बोलला तरी अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम. बाई ओरडली तर इमोशनल, नाही ओरडली तर कोल्ड. डायरेक्टर टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या सभेत, 'मीसुद्धा थेरपी घेतो' म्हणाला की टाळ्या पडतात. हेच प्रोबेशनवरच्या पोराने म्हणून पाहावं! गुढीपाडव्याच्या आठवड्यात नऊवारी आणि फेटा याला बक्षीस आहे. सुकटीचा डबा मायक्रोवेव्हला लावला तर मात्र तासाभरात 'सर्वांच्या सोयीसाठी' मेल येतो.

हे सगळं जमलं की तुम्ही लीडर होता. मग काम उलटं: इतरांना खरं व्हायला लावायचं. 'माझं दार कायम उघडं आहे' असं सांगा. ओपन ऑफिसात दारच नसल्याने हे खोटं ठरत नाही. अर्ध्या तासाच्या वन-ऑन-वनमध्ये 'मोकळेपणाने बोल' हे अठ्ठाविसाव्या मिनिटाला म्हणा. महिन्यातून एकदा चूक कबूल करा, पण मोजून: 'मी टीमला आधीच मोठं आव्हान द्यायला हवं होतं.' डेडलाइन तुम्हीच न विचारता कबूल केली होती, ती चूक या वर्गात बसत नाही.

पगारासाठी भावना सांभाळण्यालाही श्रम म्हणतात, हे आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदऱ्यांच्या कामावरून दाखवून दिलं. वरवर हसणं हा एक प्रकार. आतूनच हसू यावं म्हणून स्वतःला पटवणं हा दुसरा. पूर्वी पहिल्यावर भागायचं. आता दुसरा लागतो. कॉन्ट्रॅक्टवरच्या हाउसकीपिंगच्या मावशींना यातून सूट आहे. त्यांची ओळखपत्राची दोरी वेगळ्या रंगाची असते आणि टाउनहॉलचा मेल त्यांना जात नाही. त्या तोंडावर खरं बोलतात. एचआरने हे अजून टिपलेलं दिसत नाही.

आणि कधी तरी राजीनामा द्याल. एक्झिट इंटरव्ह्यूला वाटेल की आता काय, होऊन जाऊ दे. आवरा. अजून नव्वद दिवसांची नोटीस आहे, रिलीव्हिंग लेटर मिळायचंय, फुल अँड फायनल हिशेब व्हायचाय, पुढची कंपनी फोन करून चौकशी करणार आहे, आणि समोरची मुलगी जे टाइप करतेय ते संध्याकाळी साहेबाच्या इनबॉक्समध्ये असेल. सोडण्याच्या कारणांची यादी उघडा. त्यात 'मॅनेजर' हा पर्याय नसतो, 'उच्च शिक्षण' असतो. तो निवडा. कसलं शिक्षण म्हणून विचारलंच, तर 'लीडरशिप' सांगा.